घाटात हरवलेली गुलाबी जर्सी

सायकल या वाहनाकडे आपल्या भागात कोणी आदराने पाहात नाही. हायस्कूलला जाईपर्यंत सायकल, कॉलेजात आल्यावर मोटारसायकल, असा क्रम ठरलेला आहे. वीस वर्षांचा बी. कॉम.चा विद्यार्थी सायकलवरून निपाणीच्या बाजारात दिसला, तर 'गाडी बिघडली काय रे?' असे चार जण तरी विचारतात. तेव्हा सायकलच्या शर्यतीवर, आणि तीही सातासमुद्रापलीकडच्या, एक अख्खा लेख लिहायचा म्हणजे धाडसच. क्रिकेटवर लिहिले असते तर प्राध्यापकांनीही वाचले असते. पण मंडळी, सांगायचे आहे ते क्रिकेटचे नाही.

खरे म्हणजे सायकल शर्यत आपल्याला इतकी परकी नाही. मुंबई-पुणे शर्यत आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक आहे. खोपोली सोडल्यावर बोरघाटात जो सगळ्यांच्या पुढे चढतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि शर्यत कोणी जिंकली हे विसरणाऱ्यांनाही घाटाचा राजा कोण झाला हे आठवते. इकडे आपल्या कर्नाटकात विजापूर, बागलकोट, जमखंडी या पट्ट्यातून किती तरी मुले राष्ट्रीय स्पर्धांत सायकल चालवून आली आहेत. आमच्या वर्गातला माझा जिवलग मित्र जमखंडीचा. त्याच्या चुलत्याच्या घरात एक मुलगा पहाटे चारला उठून विजापूरच्या रस्त्यावर साठ-सत्तर किलोमीटर मारून येतो आणि मग भाकरी खातो. मी मराठी शाळेतला, तो कन्नड शाळेतला. मी मराठीत बोलतो, तो कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि दोघांनाही आपण एकाच भाषेत बोलतो आहोत असे वाटते. सायकलचा नाद मला त्यानेच लावला.

युरोपात तीन मोठ्या शर्यती होतात, प्रत्येकी तीन आठवड्यांच्या. फ्रान्सची सर्वांना ऐकून माहीत असते. इटलीची 'जिरो द'इतालिया' १९०९ साली सुरू झाली. रोज एक टप्पा, रोजची वेळ मागच्या वेळेत मिळवायची, आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी त्याने दुसऱ्या दिवशी गुलाबी जर्सी घालायची. रंग गुलाबी का, तर ही शर्यत सुरू करणारे वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापले जाते म्हणून. १९३१ पासूनची ही चाल आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हा प्रकार फार आवडण्यासारखा आहे. रोजकीर्द, खतावणी, शेवटी ताळेबंद! कोणी किती टप्पे जिंकले याला मान आहे, पण शिल्लक पाहायची ती एकूण वेळेची.

२०२५ च्या मे महिन्यात ही गुलाबी जर्सी इसाक देल तोरो नावाच्या मेक्सिकन मुलाच्या अंगावर आली. मुलगा म्हणतो, कारण तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून जेमतेम मोठा. त्याच्या आधी एकाही मेक्सिकन माणसाने ती जर्सी घातली नव्हती. शर्यतीत तो आला तोसुद्धा संघनायक म्हणून नव्हे. त्याच्या संघाची भिस्त हुआन आयुसो या स्पॅनिश खेळाडूवर होती. पण १८ मे रोजी सिएनाच्या धुळीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या नवव्या टप्प्यात देल तोरो पुढे निघाला आणि संध्याकाळी जर्सी त्याची झाली. पुढे आयुसो शर्यत सोडून गेला. सतराव्या टप्प्यात बोर्मियो गावी देल तोरो सर्वांना मागे टाकून पहिला आला. अकरा दिवस जर्सी अंगावर होती.

मी त्याचा भक्त झालो याचे कारण फार खोल नाही. ज्या देशातून कोणी येत नाही त्या देशातून आलेला, आणि मोठ्यांच्या पंगतीत न विचारता जाऊन बसलेला असा मुलगा मला आवडतो. माझ्या मित्राने मात्र सायमन येट्स या इंग्रजाची बाजू धरली होती. तीन आठवडे आमचा वाद चालला. शेवटी बेळगावचा कुंदा एक किलो, अशी पैज लागली.

आता फिनेस्त्रेच्या घाटाबद्दल सांगायला हवे, त्याशिवाय पुढचे समजणार नाही. निपाणीहून बेळगावकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. शाळेत असताना गिअर नसलेल्या सायकलवर तो न उतरता चढला की आम्ही वर स्तवनिधीजवळ थांबून छाती फुगवून घ्यायचो. आंबोलीचा घाट चढून आलेला माणूस तर आमच्या दृष्टीने वीरपुरुष, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. 'कोल्ले देल्ले फिनेस्त्रे' हा घाट २१७८ मीटर उंचीवर जातो. लांबी साडेअठरा किलोमीटर, आणि चढ सरासरी नऊ टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे दर शंभर मीटरला नऊ मीटर वर. हिशेब केला तर पायथ्यापासून खिंडीपर्यंत जवळजवळ १७०० मीटर चढायचे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे समुद्रात चाक भिजवून निघायचे, ते कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन थांबायचे! शिवाय वरच्या आठेक किलोमीटरवर डांबर नाही, खडी आणि माती. हा रस्ता मुळात लष्करासाठी केलेला होता. जिरोत तो पहिल्यांदा २००५ साली आला.

विसावा टप्पा ३१ मे २०२५ रोजी, शनिवारी होता. दुसऱ्या दिवशी रोममध्ये फक्त मिरवायचे असते, म्हणजे खरा निकाल याच दिवशी. सकाळचा हिशेब असा: देल तोरो पहिला. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या मागे ४३ सेकंदांनी. येट्स मागे १ मिनिट २१ सेकंदांनी. फिनेस्त्रे चढायचा, पलीकडे उतरायचे, मग हलक्या चढाने सेस्त्रियेरे या गावी पोचायचे.

त्या वर्षी पाऊस वेळेच्या फार आधी आला होता. मी निपाणीला घरी, मित्र जमखंडीला, दोघेही मोबाईलवर शर्यत पाहात होतो आणि मध्ये मध्ये फोन लावत होतो. माझ्याकडे चित्र त्याच्यापेक्षा अर्धा मिनिट उशिरा यायचे. त्यामुळे काय घडणार ते आधी त्याच्या आवाजावरून कळायचे, मग डोळ्यांना दिसायचे. भक्ताच्या नशिबी याहून वाईट यातना नसावी. आपला माणूस पडद्यावर अजून व्यवस्थित चालला आहे, आणि फोनमधला मनुष्य 'अय्यो' म्हणतो!

घाटाच्या सुरुवातीलाच कारापाझने जोर मारला. देल तोरो त्याला चिकटून राहिला, सावलीसारखा. मला आनंद झाला. मग मागून येट्स आला, पुढे गेला, आणि दिसेनासा झाला. तरीही मी घाबरलो नाही. कारापाझला सोडायचे नाही हे देल तोरोचे धोरण मला पटत होते, कारण जवळचा शत्रू तोच होता. पण येट्स वळणावळणाने दूर जात राहिला. खडीचा रस्ता आला. येट्सच्या नावापुढचे सेकंद वाढत गेले, ऐंशी ओलांडून गेले, म्हणजे कागदोपत्री जर्सी त्याची झाली. आणि मागे हे दोघे एकमेकांकडे पाहात चढत होते. कारापाझ निघाला की देल तोरो निघे. कारापाझ थांबला की देल तोरो थांबे. पुढे जाऊन पाठलागाचा भार उचलायला मात्र दोघेही तयार नव्हते.

घाट संपल्यावर जे झाले ते पाहणे मला अधिक कठीण गेले. येट्सच्याच संघाचा व्हॅन आर्ट हा बेल्जियन खेळाडू सकाळपासून पुढे पळालेल्या टोळीत होता. तो घाट आधीच पार करून पुढे येट्ससाठी थांबला होता. येट्स उतरून आला तसा व्हॅन आर्टने त्याला आपल्या पाठीमागे घेतले आणि दरीतून ओढत नेले. इकडे देल तोरो आणि कारापाझ जवळजवळ फेरफटका मारायला निघाल्यासारखे चालले होते. इतके, की घाटात मागे राहिलेले खेळाडूही येऊन त्यांना मिळाले. मी मोबाईलला ओरडून सांगत होतो, 'अरे जा की!' स्वयंपाकघरातून आईने विचारले, 'कुणाला बोलतोयस?' मेक्सिकोच्या मुलाला, असे काय सांगणार? नेमकी तेव्हाच लाईट गेली. मोबाईल चालू राहिला, हे दुर्दैव.

टप्पा जिंकला ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस हार्परने, तो सकाळच्याच टोळीतला. येट्स तिसरा आला. देल तोरो आणि कारापाझ त्याच्यामागे पाच मिनिटांहून अधिक उशिरा आले.

रात्री झोप येईना तेव्हा मी वही घेतली. अंतिम निकालात येट्स पहिला, देल तोरो ३ मिनिटे ५६ सेकंदांनी मागे दुसरा, कारापाझ ४ मिनिटे ४३ सेकंदांनी मागे तिसरा. म्हणजे देल तोरो आणि येट्स यांच्यातली उलाढाल एका दिवसात ५ मिनिटे १७ सेकंदांची झाली. आणि कारापाझ? सकाळी तो ४३ सेकंदांनी मागे होता, शेवटी ४७ सेकंदांनी. दिवसभर डोळ्यांत तेल घालून ज्याच्यावर पहारा केला त्याच्याकडून चार सेकंदांचा नफा! असा ताळेबंद कोणा व्यापाऱ्याने आमच्या सरांपुढे ठेवला असता तर सरांनी त्याला दुकान बंद करायचा सल्ला दिला असता.

लोक हरतात. हरण्याचे मला दुःख नाही. पाय संपले, पोटात अन्न नाही, श्वास लागेना, म्हणून मागे पडला असता तर मी त्याच्यासाठी दोन अश्रू ढाळले असते आणि कुंदा आनंदाने आणून दिला असता. पण त्याच्या पायांत बळ होते. कारापाझच्या प्रत्येक उसळीला त्याने उत्तर दिले, हे मी पाहिले आहे. बळ असताना जर्सी जाऊ दिली, याचा राग.

माझा मित्र या रागाला हसतो. सपाट मुलखातला असल्यामुळे त्याला घाटाचे कौतुक कमी. तो म्हणतो, आमच्याकडे चढ नाही, पण 'गाळी' आहे, वारा आहे, आणि सायकलवाल्याचा खरा वैरी वाराच. पुढे चालणारा वारा अंगावर घेतो. त्याच्या चाकामागे चिकटलेल्याला बरेच कमी कष्ट पडतात. म्हणून जमखंडीची पोरे ओळीने जातात आणि पाळीपाळीने पुढे येतात. आपली पाळी चुकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सोबत घेत नाहीत. आता दरीच्या रस्त्यावर देल तोरोने पुढे होऊन पाठलाग केला असता, तर कारापाझ त्याच्या मागे आरामात बसला असता आणि शेवटच्या चढाला ताज्या पायांनी निघून गेला असता. मग पहिला नंबर गेलाच असता आणि दुसराही. 'तू त्याच्या जागी काय केले असतेस?' असे तो विचारतो. शेवटी, 'सण्ण हुडुग अदान, होगली बिडो' असे म्हणून विषय मिटवतो. लहान पोर आहे, सोडून दे. पोर आमच्यापेक्षा मोठे आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

वाऱ्याचे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. घाटात सायकल सावकाश चालते, तिथे मागे बसण्याचा फायदा थोडा. दरीत आणि सेस्त्रियेरेच्या हलक्या चढावर वेग जास्त, तिथे फायदा मोठा. येट्सला व्हॅन आर्टची पाठ मिळाली, या दोघांना कोणाचीच नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही द्वयाधिकार शिकलो. कूर्नो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८३८ साली झऱ्याचे पाणी विकणाऱ्या दोन मालकांचे उदाहरण घेतले: प्रत्येक जण दुसरा किती विकेल याचा अंदाज घेऊन आपले ठरवतो. वर्गात मला ते फार हुशारीचे वाटले होते. पण त्या उदाहरणात तिसरा विक्रेता गुपचूप डोंगर उतरून बाजारात पोचलेला नाही. दोघे शहाणे एकमेकांचा अंदाज घेत बसले की दोघांचे शहाणपण मिळून एक मूर्खपणा तयार होतो, तो फळ्यावर कोणी काढून दाखवत नाही.

हे असले शहाणपण मी घरात पाहिले आहे, म्हणूनही ती शर्यत मला झोंबली असेल. आमच्या दुकानाला लागून एक जागा होती. ती विकायला निघाली तेव्हा वडील आणि काका दोघांनाही ती हवी होती, आणि एकत्र घेतली असती तर परवडण्यासारखी होती. वडील म्हणत, इसार मी दिला तर बाकीची रक्कम भरताना दादा हात आखडता घेईल. काका म्हणत, मी पुढे झालो तर तो वाटणी मागताना वरचढ होईल. दोन्ही अंदाज अगदी बरोबर असतील, भावांना भाऊ ओळखतात. चार महिने दोघे एकाच ताटात जेवले आणि त्या जागेचा शब्द काढला नाही. पाचव्या महिन्यात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने ती घेतली. आज तिथे त्याचे दुमजली दुकान आहे, आमच्या दुकानावर दुपारनंतर त्याची सावली येते. वडील आणि काका यांच्यात त्यावरून भांडण झाले नाही. कोणाचेच नुकसान दुसऱ्यापेक्षा जास्त झाले नव्हते ना!

कारापाझने शर्यतीनंतर दोष देल तोरोच्या माथी मारला. जर्सी ज्याच्या अंगावर, तिची राखण करणे त्याचे काम, असा त्याचा मुद्दा. वरवर पाहता तो बिनतोड आहे. पण या कारापाझने स्वतः २०१९ ची जिरो कशी जिंकली? त्या वर्षी रॉग्लिच आणि निबाली हे दोन बडे एकमेकांवर डोळे ठेवून बसले, आणि ज्याला कोणी मोजत नव्हते तो कारापाझ मधून निसटला. जर्सी घातली ती शेवटपर्यंत नेली. असे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे काय होते हे जगात कोणाला ठाऊक असेल, तर ते त्याला होते. त्याच्याजवळ २०२१ साली टोकियोत मिळवलेले ऑलिंपिकचे सुवर्णपदकही आहे. एकवीस वर्षांच्या पोराला चूक पदरात घालता येते; अनुभवी माणसाने, 'चल, आधी त्याला धरू, मग आपले पाहू' एवढे म्हणायला काय हरकत होती? देल तोरोवरचा माझा राग हळूहळू निवला, कारापाझवरचा अजून आहे.

आणि येट्स. मित्राने त्याची बाजू का धरली होती, हे मला त्या रात्री त्याने सांगितले. २०१८ च्या जिरोत येट्सच्या अंगावर तेरा दिवस गुलाबी जर्सी होती. तीन टप्पे जिंकला होता. मग एकोणिसाव्या टप्प्याला हाच फिनेस्त्रे आला. येट्स पायथ्याशीच गळाला आणि त्या दिवशी अडतीस मिनिटांहून अधिक मागे राहिला. क्रिस फ्रूम त्याच घाटात एकटा सुटला, सुमारे ऐंशी किलोमीटर एकटाच गेला आणि जर्सी घेऊन गेला. सात वर्षे येट्सने तो घाट मनात बाळगला असणार. २०२५ चा मार्ग जाहीर झाला तेव्हा त्याने त्यात पहिल्यांदा हेच नाव शोधले असेल, असे मित्राला वाटते. शेवटी रेषा ओलांडल्यावर बत्तीस वर्षांचा तो माणूस लहान मुलासारखा रडला, हे मीही पाहिले. तेवढे चित्र माझ्या मोबाईलवर न अडकता आले.

म्हणजे त्या घाटात दोन माणसांचा हिशेब होता आणि एकाचा हट्ट. हे कळल्यावर निकाल बदलत नाही, आणि माझे मतही फारसे बदललेले नाही. देल तोरोने पाठलाग करायला हवा होता. तिसरा आला असता तरी चालले असते. त्याच साली ऑक्टोबरमध्ये त्याने 'जिरो देल एमिलिया' ही एका दिवसाची शर्यत जिंकली, तीही बोलोन्याजवळच्या एका अतिशय उभ्या चढावर, एकटा पुढे निघून. ती पाहताना मी मित्राला फोन केला आणि म्हणालो, बघ, जातोय की नाही? तो म्हणाला, जाणारच, मागे कारापाझ नाही ना!

कुंदा मी जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर घेऊन दिला, एक किलो, रोख. त्यातला अर्धा मीच खाल्ला. मित्र म्हणतो की देल तोरोचे त्या दिवशीचे वागणे कसे बरोबर होते हे तो आकड्यांनिशी सिद्ध करील. तसा लेख त्याने याच अंकाच्या कन्नड विभागाकडे दिला आहे. संपादकांनी घेतला असेल तर ज्यांना वाचता येतो त्यांनी तो वाचावा, आणि त्यात ४७ सेकंदांबद्दल त्याने काय लिहिले आहे तेवढे मला कँटीनमध्ये येऊन सांगावे. मला तो दाखवायला तयार नाही.